पायाखालचे १४ मिलिमीटर

आज पाहुणा नाही, मीच बोलणार आहे. विषय थोडा घरचा आहे, त्यामुळे मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या.

सुरुवात टेलरपासून करतो. मागच्या दिवाळीच्या आधी हिंगण्यातल्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे दोन पँट अल्टर करायला दिल्या. काकांनी खाली बसून टेप लावला, परत लावला, आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा एक पाय मोठा दिसून राहिला. डावीकडून अर्धा इंच जास्त दुमडू काय?" मी हसलो. मग विचारलं, "काका, उजवा आखूड असेल ना?" कारण मोडला होता तो उजवा पाय. काका म्हणाले, "नाही नाही, उजवा मोठा हाय."

उजवा मोडला होता मी सात वर्षांचा असताना. उन्हाळा होता, गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, वारा सुटला म्हणून आईने मला वर पाठवलं, "जा, चादरीवर विटा ठेवून ये." उतरताना शिडीवरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून खालपर्यंत प्लास्टर होतं, उन्हाळ्यात. त्याबद्दल जास्त बोलत नाही. प्लास्टर निघाल्यावर मी लंगडत चालायचो आणि शेजारपाजारच्यांनी निकाल देऊन टाकला की मोडलेला पाय आखूड राहिला. आई कित्येक वर्षं रात्री त्या पायाला तेल लावायची. बघण्याच्या कार्यक्रमाला गेलो की मला लवकर आत नेऊन बसवायची, म्हणजे पोरीकडच्यांनी माझी चाल पाहू नये. मला हे कळायचं. बोललो नाही कधी.

टेलरकाकांच्या बोलण्यावरून मी पाय मोजून घ्यायचं ठरवलं. आमच्या भागातल्या लोकांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. हिंगणा रोडलाच डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर हॉस्पिटल आहे, फिजिओथेरपीचं कॉलेजही तिथेच आहे. मोजतात कसं, ते सांगतो, कारण इथेच खरी गंमत आहे.

साधी पद्धत टेपची. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचं टोक हाताला लागतं, तिथपासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. ही झाली खरी लांबी. मग बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत मोजतात. पहिल्या मापात दोन्ही पाय सारखे आणि दुसऱ्यात फरक आला, तर हाडं ठीक आहेत, कंबर तिरकी झालीय, स्नायू आखडलेत किंवा खुब्याचा सांधा नीट हलत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर आहे, डिस्प्ले वाकडा आहे. हा भेद फार महत्त्वाचा. यूट्यूबवर "पाच मिनिटांत पाय सारखे करा" असे व्हिडिओ असतात ना, त्यात झालाच तर या दुसऱ्या प्रकाराला थोडा आराम पडतो. हाडाची लांबी कोणी ओढून पाच मिनिटांत वाढवू शकत नाही.

टेपमध्ये चूक होते, म्हणून लाकडी ठोकळ्यांनीही बघतात. आखूड पायाखाली पातळ ठोकळे एकेक करून ठेवत जायचे, कंबर समपातळीत आली की ठोकळ्यांची जाडी मोजायची. आणि पक्कं पाहिजे असेल तर स्कॅनोग्राम, म्हणजे शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे. माझा निघाला १४ मिलिमीटर. उजवा मोठा. मोडलेला पाय मोठा.

हे कसं? लहान मुलांत, साधारण दोन ते दहा वर्षांच्या वयात मांडीचं हाड मोडलं की ते भरून येताना तिथला रक्तपुरवठा वाढतो, वाढीच्या चकत्यांना चालना मिळते आणि तो पाय पुढची वर्ष-दोन वर्षं जास्तच वाढतो. सेंटीमीटरभर सहज. म्हणून या वयातल्या मुलांचं हाड प्लास्टरमध्ये बसवताना डॉक्टर कित्येकदा टोकं थोडी एकमेकांवर चढलेली मुद्दाम राहू देतात, पुढची वाढ हिशोबात धरून. उलटही होतं. वाढीच्या चकतीलाच इजा झाली तर ती बंद पडते आणि पाय आखूड राहतो. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची चकती वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर वाढवते, म्हणजे आठ वर्षांच्या पोराचं किती नुकसान होईल याचा हिशोब करून बघा. म्हणून मुलांच्या गुडघ्याजवळचं फ्रॅक्चर "भरलं, झालं" म्हणून सोडू नका, दोन-तीन वर्षं लांबी तपासत राहा.

आपल्याकडच्या आधीच्या पिढीत आखूड पाय म्हटलं की पोलिओ. स्नायू निकामी झालेला पाय वाढतही कमी. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण तेव्हाची मुलं आज चाळीस-पन्नाशीत आहेत, एमआयडीसीत कामाला जातात, गुडघ्यावर हात दाबत चालताना दिसतात. आपण विसरलो, त्यांना कसं विसरता येईल?

आता शरीरावर परिणाम. थोडा फरक बहुतेकांना असतो, सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याने काही बिघडत नाही. घाबरून टेप घेऊन बसू नका. फरक वाढला की शरीर जुगाड करतं. आखूड पायाची टाच थोडी उचलली जाते, लांब पायाचा गुडघा किंचित वाकलेला राहतो, लांब पायाचं पाऊल आत कलतं. एवढं करूनही उरलेला फरक कमरेत उतरतो. मी हिशोब केला (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार). खुब्याच्या दोन सांध्यांत १८ सेंटीमीटर अंतर धरलं तर १४ मिलिमीटरचा उतार साधारण साडेचार अंश. मीटरभर लांब टेबलाची एक बाजू पावणेआठ सेंटीमीटर उचला, तेवढा उतार. त्या कलत्या पायावर मणका उभा, आणि डोकं सरळ ठेवायला तो वर जाऊन उलटा वळतो.

यावरून कंबरदुखी होतेच असं म्हणता येत नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझी कंबर दुखते त्यात दहा तास खुर्चीत बसण्याचा वाटा मोठा आहे, हे फिजिओथेरपिस्टने तोंडावर सांगितलं. गुडघ्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांच्या पायांचे एक्स-रे मोजून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक सेंटीमीटर किंवा जास्त फरक असलेल्यांत, विशेषतः आखूड पायाच्या गुडघ्याची झीज जास्त दिसली. माझा आखूड पाय डावा. म्हणजे आयुष्यभर आम्ही भलत्याच पायाची काळजी करत होतो.

दुसरी बाजूही सांगतो. उसेन बोल्टचा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे, मणक्याला बाक आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या शर्यतींचे व्हिडिओ तपासले तर त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त जोराने जमिनीवर आदळत होता. माझा फरक जवळपास तेवढाच, त्यामुळे दोन दिवस मी फार खुशीत होतो.

पळण्यावरून आठवलं. मी सकाळी एमआयडीसीच्या रस्त्याने एकाच कडेने जातो आणि त्याच कडेने परत येतो. जाताना डावी बाजू दुखायची, येताना बरं वाटायचं. मला वाटायचं वॉर्मअपचा परिणाम. तसं नव्हतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. जाताना उताराची बाजू डावीकडे, म्हणजे आधीच आखूड पाय अजून खाली. येताना उतार उजवीकडे, लांब पाय खाली, हिशोब जुळला. आता मी मैदानात पळतो.

उपाय फरकावर ठरतो. दोन सेंटीमीटरच्या आत असेल आणि त्रास असेल तर बुटात टाच उचलायची. सेंटीमीटरपर्यंत आत मावते, त्याहून जास्त तळव्याला बाहेरून लावावी लागते. पूर्ण फरक एकदम भरायचा नाही, शरीराला जुन्या जुगाडाची सवय झालेली असते. मी चार मिलिमीटरपासून सुरू केलं, आता आठवर आहे. वाढीच्या वयातल्या मुलांत लांब पायाची चकती वेळेवर थांबवतात, आखूड पाय गाठतो. फरक पाच सेंटीमीटरच्या वर असेल तर हाड लांब करण्याचा विचार. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह यांनी शोधलेली पद्धत, हाड कापून बाहेरून रिंगांची चौकट लावायची आणि दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ओढत जायचं. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आपल्या विदर्भात अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांनी हे काम अनेक वर्षं केलंय. सोपं नाही ते, चौकट महिनोन् महिने पायात असते.

सर्टिफिकेटबद्दलही लोक विचारतात. सरकारी मूल्यमापनात पहिला अर्धा इंच धरतच नाहीत, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के. म्हणजे नुसत्या आखूडपणावर ४० टक्के व्हायला साडेपाच इंच फरक पाहिजे. सोबत स्नायूंची कमजोरी असेल तर ती वेगळी धरतात, म्हणून पोलिओवाल्यांनी हा आकडा ऐकून परत फिरू नये.

आता घरचा प्रश्न. बूट ऑफिसमध्ये. घरात आपण अनवाणी. मी मोचीकाकांकडून डाव्या चपलेला एमसीआर रबराचा थर लावून घेतला आणि घरात घालायला लागलो. आईने पहिल्याच दिवशी अडवलं, "स्वयंपाकघरात चप्पल? काहून?"

मग एक्स-रे दाखवला. मोजपट्टीवर बोट ठेवून सांगितलं की मोडलेला पाय आखूड नाही, जास्त वाढलाय, हाड चांगलं भरलं म्हणूनच वाढलाय. तिने फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघितली. म्हणाली, "म्हणजे मी पाठवलं म्हणून तुझा पाय आखूड नाही झाला?" मी म्हटलं, "आई, आखूड नाही झाला." पडलो तर होतोच, फरक तर आहेच, हे तिलाही समजतं. पण ती म्हणाली, "बाप्पा, एवढी वर्षं मी भलत्याच पायाला तेल लावलं," आणि हसायला लागली, आणि मग हसता हसता पदर डोळ्याला लावला.

चपलेचं असं ठरलंय, घरातली जोडी वेगळी, बाहेर न्यायची नाही, आणि देवघराच्या उंबऱ्याशी काढायची. तिथे पाच मिनिटं तिरकं उभं राहिलो तर चालतं, असं आई म्हणते. परवा मुलीकडचे आमच्याकडे आले होते. मी पाण्याचे ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत चालत गेलो, चप्पल घालूनच, आणि आई दारात उभी राहून बघत होती.