मोटारीच्या दुरुस्तीची न्याय्य मजुरी

वेगासाठीं जन्मलेल्या मोटारीच्या पोटांतील पाणी गळूं लागलें म्हणजे तिच्या धन्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. पहिला यंत्राचा : गळती कोठें आहे ? दुसरा माणसांचा : ती बंद करणाऱ्याच्या श्रमाचें मोल काय ? पहिल्याचें उत्तर बहुधा तासाभरांत मिळतें. दुसऱ्यावरून मात्र वर्षानुवर्षें अबोला धरलेले ग्राहक आणि कारागीर कोणत्याहि मोठ्या शहरांत सांपडतील. सुटा भाग चाळीस डॉलरांचा आणि मजुरी दोन हजारांची, असें बिल हातांत पडलें कीं आपण लुबाडले गेलों असें कोणालाहि वाटावें. कधीं कधीं तो खरोखरच लुबाडला गेलेला असतोहि. परंतु केवळ त्या दोन आंकड्यांवरून तें ठरवितां येत नाहीं.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांत जळणाच्या उष्णतेचे ढोबळ मानानें तीन वांटे होतात. एक चाकें फिरवितो, दुसरा धुराबरोबर बाहेर पडतो आणि तिसरा इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरतो. हें पाणी उघड्या पातेल्यांतलें नसतें. टाकीचें झांकण सुमारें एका वातावरणाइतका जास्त दाब आंत कोंडून धरतें, आणि त्या दाबाखालीं साधें पाणीहि १०० ऐवजीं १२० अंशांच्या आसपास उकळतें. म्हणजे प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा, प्रत्येक रबरी कडें रोज तापून, फुगून, पुन्हां निवत असतें. इंजिन जितकें जोरकस आणि जागा जितकी अपुरी, तितकी ही परीक्षा कठीण. जोरकस इंजिन आणि अपुरी जागा, ही तर स्पोर्ट्‌स मोटारीची व्याख्याच म्हणतां येईल.

पोर्शे या जर्मन कारखान्याच्या गाड्या या बाबतींत फार बोधप्रद आहेत. १९४८ सालच्या ३५६ या गाडीपासून जवळजवळ अर्धशतक या कारखान्यानें आपल्या पाठीमागल्या इंजिनांना वाऱ्यानेंच निवविलें. १९९६ सालीं बॉक्स्टर आली आणि १९९७ सालीं प्रसिद्ध ९११ च्या नव्या पिढीनेंहि पाणी पत्करलें. पण इंजिन राहिलें मागें, आणि पाणी थंड करणारे रेडिएटर गेले पुढें, बंपरच्या दोन कोपऱ्यांत. मधल्या साऱ्या लांबीचा प्रवास पाण्यानें गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या नळ्यांतून करावयाचा ! ९११ मध्यें तें सारें मिळून वीस लिटरांहून अधिक भरतें. साध्या कौटुंबिक मोटारींत रेडिएटर, पंप आणि नळ्या एका टोपणाखालीं शेजारीं शेजारीं नांदतात. येथें त्यांच्यांत गाडीच्या लांबीचें अंतर पडलें आहे.

आतां मजुरीचें रहस्य पाहावें. याच गाडीचा पुढला रेडिएटर कुजतो तो बहुधा पाचोळ्यानें. बंपरच्या तोंडांतून आंत शिरलेलीं पानें रेडिएटर आणि त्याच्या पुढें बसविलेला वातानुकूलनाचा कंडेन्सर यांच्या फटींत अडकतात, ओल धरून ठेवतात आणि ॲल्युमिनियम खातात. काम दिसावयास मोठें. पण बंपर उतरविला कीं रेडिएटर कारागिराच्या हाताशीं येतो. उलट, बॉक्स्टरचा पाण्याचा पंप म्हणजे ओंजळींत मावणारी वस्तु. पण तो इंजिनाच्या पुढल्या तोंडावर, म्हणजे बैठकींच्या पाठीशीं दडलेला असतो. त्याचा पट्टा सोडविण्यास बैठकींमागील पडदा काढावा लागतो आणि पंप उतरविण्यास गाडी उचलून खालून हात घालावा लागतो. भाग केवढा आहे याच्यापेक्षां तो कोठें आहे यावर मजुरी ठरते, हें येथें उघड होतें.

याहून ठळक उदाहरण ९११ टर्बोचें. २००० सालीं आलेल्या या गाडीचें इंजिन हान्स मेत्सगर या अभियंत्याच्या नांवानें ओळखलें जातें आणि त्याच्या बळकटपणाची वाहवा आजहि होते. परंतु त्यांत पाण्याच्या कांहीं नळ्यांचीं तोंडें ॲल्युमिनियमच्या घरांत केवळ चिकटवून बसविलेलीं होतीं. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यानें तो चिकट पदार्थ दम सोडतो आणि एखादें तोंड अचानक निसटतें. मग सारें पाणी रस्त्यावर, आणि मागल्या चाकांखालीं ! भर वेगांत हें झालें तर प्रश्न पैशांचा राहात नाहीं. उपाय म्हणून तीं तोंडें काढून वितळजोड देतात किंवा आडव्या खिळीनें पक्कीं करतात. मूळ दोष चिमूटभर डिंकाचा, पण तेथवर पोंचण्यास इंजिन खालीं उतरवावें लागतें. डोंगर पोखरून उंदीर काढावा तसें हें काम. पण पोखरणाऱ्याला डोंगराचीच मजुरी द्यावयास हवी.

ही मजुरी मोजण्याची जी रीत अमेरिकेंत रूढ आहे ती समजून घेण्यासारखी आहे. चिल्टन, मिचेल इत्यादि संस्थांनीं प्रत्येक गाडीच्या प्रत्येक कामास किती वेळ लागावा याचीं कोष्टकें तयार केलीं. कोष्टकांतील तास गुणिलें दुकानाचा दर, हा झाला मजुरीचा आंकडा. दहा तासांचें काम वाकबगार कारागिरानें सातांत उरकलें तरी दहांचेच पैसे. नवशिक्यानें चौदा लाविले तरी दहांचेच. पुष्कळ ग्राहकांना यांतली पहिली बाजू खुपते आणि दुसरी आठवत नाहीं. चपळ हाताला दंड व मंद हाताला बक्षीस, असा जो दोष प्रत्यक्ष तासांवर पैसे देण्यांत आहे, तो या रीतींत नाहीं. मात्र कोष्टक नव्या, स्वच्छ गाडीची कल्पना करून रचलेलें असतें. वीस वर्षांच्या गाडीचा गंजलेला बोल्ट डोकें तुटून आंतच राहिला, तर तो काढण्याचे दोन तास कोणत्याच कोष्टकांत सांपडावयाचे नाहींत. ते मागणें गैर नाहीं. आधीं न कळवितां मागणें गैर आहे.

खरी फसगत बहुधा दुसऱ्याच ठिकाणीं असते, आणि ती साध्या बेरजेची असते. समजा, पंप बदलण्यास ४ तास आणि त्याच्या शेजारचा थर्मोस्टॅट बदलण्यास २ तास असें कोष्टक सांगतें. दोन्ही कामें एकाच वेळीं केलीं आणि बिलांत ६ तास लागले, तर कागदावर सारें बरोबर दिसतें. पण गाडी उचलणें, तळाचीं आच्छादनें काढणें, पाणी सोडणें, पुन्हां भरणें, हीं कामें दोन्ही आंकड्यांत धरलेलीं असतात आणि प्रत्यक्षांत तीं एकदांच होतात. त्यांस दीड तास लागत असेल, तर न्याय्य हिशेब साडेचार तासांचा. इंजिन उतरविलेंच आहे तर हेंहि करून घ्यावें, असें कारागीर म्हणतो तेव्हां तो पुष्कळदां ग्राहकाच्या हिताचेंच बोलत असतो. फक्त त्या जादा कामाला पुन्हां इंजिन उतरविण्याची मजुरी लागतां कामा नये.

पाणी भरण्याचें काम मात्र कोणी क्षुल्लक समजूं नये. लांबच लांब नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला तर पंप त्यापुढें हतबल होतो आणि नवा भाग बसविलेली गाडीहि तापते. म्हणून चांगले कारागीर आधीं नळ्यांतील हवा यंत्रानें ओढून घेतात आणि त्या पोकळींत पाणी भरतात. बिलांत यासाठीं वेगळी ओळ दिसली तर ती बहाणा समजण्याचें कारण नाहीं.

तीच गोष्ट निदानाची. हातपंपानें टाकींत दाब भरून कांटा उतरतो कीं काय हें पाहणें, पाण्यांत चमकणारा रंग मिसळून गळतीचा माग काढणें, जळलेला वायु पाण्यांत मिसळतो आहे का याची रासायनिक परीक्षा करणें, हें सारें कसबाचें काम आहे. त्याचा मोबदला नाकारणारा ग्राहक अंदाजानें भाग बदलणाऱ्या कारागिराच्या हातीं जातो, आणि तसल्या तीन अंदाजांची किंमत एका नीट निदानाहून जास्त होते.

तासाचा दर पाहून दचकणाराहि बहुतेक वेळां त्यांत केवळ कारागिराचा पगार पाहतो. जागेचें भाडें, गाडी उचलणारें यंत्र, विमा, त्या एकाच जातीच्या इंजिनासाठीं घेतलेलीं खास हत्यारें, हें सारें त्या दरांत असतें. कारखान्याच्या अधिकृत दुकानाहून स्वतंत्र जाणकाराचा दर सहसा कमी असतो व काम तितकेंच चोख असूं शकतें. परंतु त्यानें तें इंजिन पूर्वीं उतरविलें आहे ना, हें विचारून घ्यावें. त्याच्या शिकवणीचे तास ग्राहकाच्या माथीं पडूं नयेत. आणखी एक प्रश्न विचारणारे थोडेच : भाग वर्षाच्या आंत बिघडला तर पुन्हां उघडण्याची मजुरी कोणाची ? स्वतःच स्वस्त भाग आणून देणाऱ्याला याचें उत्तर बहुधा प्रतिकूल मिळतें. पन्नास डॉलर वांचविण्याच्या पायीं दहा तासांची मजुरी दोनदां भरल्याचीं उदाहरणें या धंद्यांत विरळ नाहींत.

यांत जुनी गाडी हौसेनें घेणाऱ्याची अवस्था सर्वांत केविलवाणी. बॉक्स्टरची किंमत वर्षागणिक उतरत गेली आणि ती मध्यम मिळकतीच्या माणसाच्या आवांक्यांत आली. पण पंप होता तेथेंच आहे, आणि तेथवर जाण्याचे तास नवीपणीं जितके होते तितकेच राहिले आहेत. गाडी उतरत्या भावानें मिळते, मजुरी मात्र चढत्या भावानें मोजावी लागते. म्हणून कांहीं जण कांटा लाल रेषेकडे झुकला तरी आणखी चार मैल रेटतात. तापलेलें ॲल्युमिनियमचें डोकें वांकलें म्हणजे ज्या पंपाची मजुरी जड वाटत होती ती किरकोळ वाटूं लागते.

कॅलिफोर्नियांत या भांडणांना वैतागून १९७१ सालीं मोटार-दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याप्रमाणें कामापूर्वीं लेखी अंदाज द्यावा लागतो, ग्राहकाच्या संमतीवांचून त्याहून अधिक आकारतां येत नाहीं, आणि बिलांत भाग व मजुरी वेगळीं दाखवावीं लागतात. काम सोंपवितांनाच मागणी केली असेल तर काढलेले जुने भागहि परत मिळतात. जे कारखान्याकडे धाडावे लागतात ते निदान पाहावयास मिळतात. हा शेवटला हक्क फार थोडे बजावतात. जुना पंप हातीं घेऊन त्याच्या प्लास्टिकच्या चक्राचीं पातीं मोजावींत. एखादें तुटून गेलें असेल, तर त्याचे तुकडे पाण्याबरोबर नळ्यांत आणि रेडिएटरांत गेले आहेत, आणि सर्व नळ्या धुऊन काढण्याचे जे तास बिलांत लावले असतील ते रास्त आहेत. पातीं सारीं शाबूत असतील, तर त्या धुलाईबद्दल दुकानदाराला विचारण्यास हरकत नाहीं.