आपल्या नळाचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा शिकल्यासवरल्या बाईंना बाहेरून बोलावतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, आपल्यातलीच कोणीतरी बोलू दे आणि विषयही घरातलाच असू दे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलायची मला सवय नाही. नळावर उभे राहून बोलायची मात्र वीस-बावीस वर्षांची आहे, आणि ती तुम्हा सर्वांना चांगली ठाऊक आहे. तेव्हा विषय नळाचाच घेतला.

आपल्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येते आणि साडेसातला जाते. तेवढ्या तीन तासांत पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी पातेली आणि डबेसुद्धा भरून होतात. पाणी गेले की आपण नळ बंद करतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची आठवण काढीत नाही. पण ते पाणी येते कोठून, आणि येईपर्यंत त्याचे काय काय होते, हे मी माझ्या मुलाच्या पुस्तकातून आणि महापालिकेत नोकरीला असलेल्या आमच्या एका नात्यातल्या गृहस्थांना विचारून समजून घेतले. ते आधी सांगते.

पूर्वी मुंबईला विहिरी आणि तळी होती. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आज नुसती बसच्या पाटीवर राहिली. वस्ती वाढली तशी ती तळी पुरेनाशी झाली. मग मिठी नदीवर विहारचा तलाव बांधला, तो १८६० साली पुरा झाला. त्यानंतर १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली वैतरणेवर धरण झाले, त्याला ते बांधणारे पालिकेचे अभियंते मोडक यांचे नाव दिले. पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा झाले, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. असे हे सात तलाव. सातही भरले म्हणजे त्यांत १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावते. हा आकडा मला काही केल्या डोळ्यांपुढे येईना. तेव्हा त्या गृहस्थांनी सांगितले, की मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पुरवले जाते, त्या हिशेबाने भरलेले तलाव जेमतेम एक वर्ष पुरतात. मग मला चटकन कळले. आपण वर्षाचे तांदूळ भरतो ना, त्यातलेच हे. पाऊस संपला की कोठी भरलेली असावी आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरावी. मध्येच पाहुणे फार आले किंवा पुढचा पाऊस लांबला, की गृहिणी काय करते? हात आखडते. २०२३ च्या जुलैत आणि २०२४ च्या जून-जुलैत पालिकेने १० टक्के पाणी कापले, ते असेच हात आखडणे होते. तेव्हा आपण गॅलरीत उभ्या राहून म्हणत होतो, “बाहेर एवढा पाऊस पडतोय आणि यांचे तलाव कसे भरत नाहीत?” अहो, लालबाग-परळला पडलेला पाऊस गटारातून समुद्रात जातो! तो तिकडे शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांत पडावा लागतो.

तेथून शंभर किलोमीटरांवरून हे पाणी येते. तानसा-वैतरणेचे पाणी उतारानेच जलवाहिन्यांतून धावत येते. भातसाचे पाणी नदीने पिसे गावापर्यंत येते आणि तेथून पंपाने उचलावे लागते, म्हणजे त्याला वीज लागते. मग भांडुप आणि पांजरापूर येथे ते शुद्ध करतात. तुरटीसारखे औषध घालून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचे आणि क्लोरीन घालून जंतू मारायचे. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत आणि वर फडके बांधीत, तेच काम, फक्त साऱ्या शहराच्या मापाने. नंतर टेकड्यांवरच्या जलाशयांत ते साठते. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये आपण मुलांना घेऊन जातो, त्या बागेखाली असाच मोठा जलाशय आहे. आपल्या भागातही गोलंजी टेकडीवर एक आहे. तिथून व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीला ठरल्या वेळी पाणी सोडतात. आपल्याला साडेचारला पाणी यावे म्हणून कोणीतरी माणूस त्याआधी उठून चावी फिरवतो. त्याचे आपल्याला नावही माहीत नाही.

आणि एवढे सगळे करून चाळींना याची आकारणी किती? हजार लिटरला दहा रुपयांच्या आत. दुकानात एक लिटरची बाटलीसुद्धा त्याहून महाग मिळते. भाव वाढवा असे मी मुळीच म्हणत नाही, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण स्वस्त वस्तूला घरात मान नसतो, हे खरेच आहे.

आता थोडे माझ्या माहेराविषयी. माझे माहेर शहापूर तालुक्यातले. मुंबईचे तानसा आणि भातसा हे दोन्ही तलाव आमच्याच तालुक्यात. भातसा तर एकटा सातही तलावांच्या निम्मे पाणी साठवतो. पावसाळ्यात आमच्याकडे एवढे पाणी, की शेताच्या बांधावरून चालता येत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. कातळाची जमीन, पाणी मुरत नाही, विहिरी मार्चअखेर तळाला जातात. माझी आई डोक्यावर दोन हंडे घेऊन अर्ध्या कोसावरून पाणी आणी. वाटेत माणसाच्या उंचीची मोठी जलवाहिनी लागे. आम्ही मुली दमलो की तिला पाठ लावून बसत असू. ऐन उन्हात ती गार लागे. आत पाणी वाहते आहे आणि ते मुंबईला जाते आहे, हे आम्हांला ठाऊक होते. सातवीनंतरची शाळा लांब होती, आणि आईला हाताखाली पाण्याला कोणीतरी हवे होते. माझे शिक्षण थांबले ते असे.

लग्न होऊन इथे आले, तर दुसऱ्याच दिवशी पहाटे पाहते तो काय, शेजारच्या खोलीतल्या काकू भरलेली कळशी मोरीत ओतताहेत. मी घाबरून विचारले, “काकू, पालबिल पडली का हो?” त्या हसून म्हणाल्या, “अगं नाही, नवं पाणी आलं, हे कालचं शिळं झालं.”

भगिनींनो, आजच्या भाषणात मला खरे बोलायचे आहे ते या शिळ्या पाण्याविषयी. जे पाणी धरणात दहा महिने राहिलेले असते, ते आपल्या घरी एका रात्रीत शिळे कसे होते? झाकण ठेवलेले, स्वच्छ भांड्यातले, ओगराळ्याने काढलेले पाणी दुसऱ्या दिवशी चांगले असते. हात बुडवून काढले असेल किंवा झाकण नसेल तर गोष्ट वेगळी. आणि प्यायला मन घेत नसेल तर पिऊ नये, पण ते फरशीला, कपड्यांना, संडासला चालत नाही का? आपल्या चाळीत ७२ खोल्या. एकेका घरातून हंडा-कळशी मिळून २५ लिटर पाणी सकाळी मोरीत जाते असे धरले, तर रोजचे १,८०० लिटर होते. माझ्या माहेरी येणारा टँकर १०,००० लिटरचा असतो. म्हणजे आपली एक चाळ सहा दिवसांत एक टँकरभर पाणी नुसते शिळे म्हणून ओतते. तिकडे माझ्या वहिनीला टँकर आला की घरटी मोजून पाणी मिळते, आणि त्यासाठी ती सकाळपासून रांगेत हंडा ठेवून बसलेली असते.

आपण वाचवलेले पाणी काही उलटे वाहत माझ्या माहेरी जाणार नाही, हे मलाही कळते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हेच मला ऐकवले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तिकडच्या लोकांना पाणी मिळावे हे काम सरकारचे आहे आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. पण मुंबईची मागणी वाढत गेली की आणखी धरण हवे होते. वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधायचे योजले आहे. त्यात गावे जाणार, जंगल जाणार. कोणाचे तरी माहेर पाण्याखाली जाते, तेव्हा आपला नळ वाहतो. ते पाणी आपण घेऊ नये असे नाही. घ्यावेच लागेल. पण घेऊन मोरीत ओतू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

शिवाय उपयोग अगदी जवळही आहे. तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोल्यांत पाणी किती वेळ येते, हे तिथल्या बायकांना विचारा. खालच्या मजल्यावर नळ तीन तास सोडलेले असतात, आणि वर धार करंगळीएवढी. त्यात काही घरांनी नळाला मोटार लावली आहे. नावे मी घेत नाही, आवाज सर्वांनाच ऐकू येतो. मोटार लागली की पुढच्या नळातून पाण्याऐवजी फुसफुस वारा येतो. हे नियमाबाहेर आहे ते आहेच, पण त्यात दुसराही धोका आहे. मोटार नळातून ओढू लागली की जुन्या नळाला जिथे बारीक भोक असेल तिथून बाहेरची घाणही आत ओढली जाते. गेल्या पावसाळ्यात आपल्याकडे पाणी गढूळ आले, वास आला, चार-पाच मुलांची पोटे बिघडली. १९१६ वर फोन केला, पालिकेची माणसे आली, पाण्याचे नमुने नेले आणि खणून पाहिले. तेव्हा गटारातून जाणारा आपल्या चाळीचाच नळ गंजलेला सापडला. तो बदलला, पाणी पूर्ववत झाले. पण मोटारी अजून आहेत. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या मुलांकडे एकदा पाहावे, एवढेच म्हणते.

आता गळक्या नळांचे. आपल्या मजल्याच्या सार्वजनिक संडासातला नळ कित्येक महिने ठिबकत होता. त्याला गच्चीवरच्या टाकीतून पाणी येते, म्हणून तो दिवसरात्र ठिबके. “ठिबकतो तर ठिबकू दे, थेंबच आहे,” असे सगळ्या म्हणत. मी एक दिवस त्याखाली पाव लिटरचा पेला ठेवला आणि घड्याळ लावले. वीस मिनिटांत पेला भरला. म्हणजे तासाला पाऊण लिटर, दिवसाला १८ लिटर, वर्षाला साडेसहा हजार लिटर! आत पाच-दहा रुपयांचा रबरी वॉशर बसवायचा होता. माझ्या मुलाने पान्ह्याने बसवला. चहा होईपर्यंत काम झाले. हा पेल्याचा प्रयोग मुलांना करायला द्या. त्यांना हिशेबही येतो आणि मग ती नळ उघडा टाकणाऱ्या वडिलांना बोलायलाही कमी करीत नाहीत. आमच्याकडे दाढी होईपर्यंत नळ वाहत असे. मी सांगून जे झाले नाही, ते मुलीने एका दिवसात केले.

बाकीच्या गोष्टी तुम्ही करताच. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालायचे हे आपल्याला सासूने शिकवले आहे, पुस्तकाने नव्हे. भांडी टबात विसळली तर बादलीभर पाण्यात होतात, वाहत्या नळाखाली तीन बादल्या जातात. कपड्यांचे शेवटच्या विसळणीचे पाणी मोरी धुवायला ठेवावे. हल्ली काही घरांत पाणी शुद्ध करायचे आर.ओ. यंत्र आले आहे. ते लिटरभर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर नळीवाटे बाहेर टाकते. त्या नळीखाली बादली ठेवावी, लादी पुसायला ते पाणी उत्तम. ज्यांच्या घरात नवीन संडास झाले आहेत, त्यांच्या जुन्या पद्धतीच्या टाकीत दर खेपेस दहा-बारा लिटर जाते. तिच्यात पाण्याने भरून, बूच लावलेली लिटरची बाटली उभी ठेवली, की खेपेला लिटरभर वाचते. फक्त आतल्या दांडीला बाटली अडणार नाही असे पाहावे.

मंडळाने तीन गोष्टी ठरवाव्यात असे मला वाटते. एक, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता साऱ्या मजल्यांवरचे गळके नळ पाहायचे. वॉशरचा खर्च मंडळाच्या शिलकीतून करावा, अध्यक्षाबाईंनी त्याला होकार दिला आहे. दुसरे, खालच्या मजल्यांवरच्या भगिनींनी आपले भरून झाले की नळ बंद करावा, आणि सहा वाजल्यानंतर तिसऱ्या मजल्याला पाणी चढू द्यावे. हे मी कालच दोघी-तिघींशी बोलले. त्या तयार आहेत. तिसरे मोटारींचे. ते सभेत बोलून व्हायचे नाही. त्या घरी मी आणि चिटणीसबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने जाणार आहोत.

ज्यांच्या घरचे नळ गळत असतील त्यांनी आज जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत खोलीचा नंबर लिहावा. पेन तिथेच दोऱ्याने बांधले आहे.