गिरणीचा भोंगा आणि खिशातला फोन

(बेंगळुरू येथे मराठी भाषक पक्षसभासद व नोकरदार यांच्या सभेत एका महिला कार्यकर्तीने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'डिजिटल एजन्सीतील काम, समाजमाध्यमे आणि कौटुंबिक जीवन यांचा समतोल' असा छापला आहे. 'समतोल' या शब्दाविषयी माझी तक्रार आहे, ती आधीच नोंदवून ठेवते. तराजू ज्याच्या हाती आहे त्याला समतोल साधण्याचा सल्ला देता येतो. ज्याच्या कामाचे तास दुसराच कोणी ठरवतो, त्याला असा सल्ला देणे ही वरून सहानुभूतीची वाटणारी, परंतु प्रत्यक्षात मालकाची जबाबदारी नोकराच्या माथी मारणारी गोष्ट होय.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. त्यापूर्वीच्या दिवसांतील एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माझी आई चुलीवर चहाचे आधण ठेवीत असे. गिरणीतले काम जिवावरचे होते, कापसाच्या तंतूंनी छाती भरत असे, मुकादमाची अरेरावी होती. गिरणीच्या आयुष्याचे मला गोडवे गायचे नाहीत. परंतु भोंगा दोनदा वाजत असे. एकदा कामगाराला आत बोलावण्यासाठी आणि एकदा त्याला सोडण्यासाठी. दुसऱ्या भोंग्यानंतर त्या माणसावर मालकाचा हक्क उरत नसे.

हा दुसरा भोंगा मालकांनी खुषीने दिलेला नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यातील एक मागणी होती, आणि रविवारची ती सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात आठ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा मान्य केला, मात्र ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्याच करारात आठवड्याला ६० तासांचा अपवाद ठेवण्यात आला. पुढे कारखान्यांसाठी १९२२ साली दिवसाला ११ तास, १९३४ साली १० तास आणि १९४६ साली ९ तास अशी मर्यादा एकेका पायरीने खाली आली. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ९ आणि ४८ हे आकडे कायम केले. म्हणजे अकराचे नऊ व्हायला चोवीस वर्षे लागली. हे आकडे पाठ असू द्यात, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण जाणता. १९९१ची विकास नियंत्रण नियमावली आणि तिच्यातील २००१ची दुरुस्ती यांनी त्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या केल्या. जेथे साचे चालत तेथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांतील कित्येक कचेऱ्या जाहिरात व डिजिटल एजन्सींच्या आहेत. वडिलांच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावरील दुसऱ्या एका गिरणीच्या आवारात मी २००९ साली मराठी कॉपीरायटर म्हणून नोकरीला लागले. साबणापासून बँकेपर्यंत नाना कंपन्यांच्या नावे फेसबुकवर आणि नंतर इन्स्टाग्रामवर रोज काय छापायचे, ते लिहिणे हे माझे काम होते.

या धंद्याची रचना थोडी तपशिलात सांगितली पाहिजे, कारण सगळे मर्म तेथेच आहे. ग्राहक कंपनी एजन्सीला दरमहा एक ठराविक रक्कम देते, तिला रिटेनर म्हणतात. त्या बदल्यात महिन्याला इतक्या पोस्ट, इतके रील असा करार असतो. पोस्टची संख्या करारात असते, दुरुस्त्यांची संख्या बहुधा नसते, आणि असली तरी ग्राहकाला ती दाखवण्याचे धैर्य कोणी करीत नाही. रंग बदला, मजकूर बदला, लोगो मोठा करा, पुन्हा पहिल्यासारखा करा. (लोगो लहान करा असे सांगणारा ग्राहक मला चौदा वर्षांत भेटला नाही.) आता एजन्सीचे उत्पन्न ठरलेले आणि नोकराचा पगारही ठरलेला. मग ग्राहकाच्या वाढत्या मागण्या कोठून भागवायच्या? या हिशेबात ताणता येण्याजोगी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे नोकराचा दिवस. जादा तासाला एजन्सीला एक पैचाही खर्च नाही. मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर जे दीर्घ प्रकरण लिहिले, ते वाचताना मला मँचेस्टरपेक्षा आमच्या कचेरीतल्या टाइमशीटचीच आठवण अधिक होते. गिरणीमालकाला साचा तरी स्वतःचा घ्यावा लागे. येथे फोन नोकराचा, त्यातला डेटा नोकराच्या खर्चाचा, आणि रात्री अकराला ज्या टेबलावर काम चालते तेही त्याच्याच घरचे जेवणाचे टेबल.

समाजमाध्यमांनी यात आणखी भर घातली. वर्तमानपत्राची जाहिरात एकदा छापून गेली की विषय संपत असे. समाजमाध्यमावर मात्र एखाद्याची तक्रार रात्री दोनला येते, आणि किती मिनिटांत उत्तर दिले यावर एजन्सीचे मोजमाप होते. सणवार हे तर हंगामाचे दिवस. दिवाळी, गणपती, पाडवा, म्हणजे नेमके जे दिवस कुटुंबाचे, तेच दिवस सर्वाधिक कामाचे. लाखो लोकांना 'आपल्या माणसांसोबत सण साजरा करा' असे सांगणारा मजकूर मी कित्येक वर्षे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या माणसांकडे पाठ करून लिहिला आहे. आणि काम संपल्यावर विरंगुळा म्हणून नोकर जे उघडतो तेही तेच माध्यम असते. मेटा कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे. तेव्हा दिवसा एजन्सीला श्रम विकणारा नोकर रात्री त्या कंपनीला आपले लक्ष फुकट देतो, आणि बायकोचा, आईचा, ग्राहकाचा असे सर्व निरोप एकाच फोनवर एकाच आवाजात येतात.

वडील शेवटची काही वर्षे माझ्याकडे होते. मी रात्री फोनवर बोटे चालवताना दिसले की ते विचारीत, "अगं, तुझी पाळी सुटते तरी केव्हा?" पगार माझा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होता, खुर्ची होती, वातानुकूलन होते. त्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

एक प्रसंग सांगते, तो माझ्या दोषाचा आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना एका रविवारी तिने माझा फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दोन तासांनी तो सापडला तेव्हा त्यावर अकरा कॉल येऊन गेले होते. शुभेच्छापत्राच्या पार्श्वभूमीचा पिवळा रंग थोडा गडद करावा की काय, एवढाच तो प्रश्न होता. मी मुलीवर हात उगारला. ती रडली नाही. तिने शांतपणे विचारले, "ते लोक तुला ओरडतात म्हणून तू मला ओरडतेस का?" आमच्या घरात राजकीय अर्थशास्त्राचे वर्ग चालत, परंतु वरून आलेला दाब खाली कसा झिरपतो, हे मला त्या दिवशी तिच्याकडून कळले.

हा दाब घरातही सारखा वाटला जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली! पुरुष सहकाऱ्याला 'समतोल कसा साधता' असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. तो रात्री दहापर्यंत कचेरीत बसतो तेव्हा घरी दुसरे कोणीतरी वरणभाताचा कुकर लावीत असते. त्या कोणीतरीचे तास एजन्सीच्या हिशेबात कोठेच येत नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका नामवंत उद्योगपतीने तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, हे उद्गार देशभर गाजले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभर ७,४५,००० माणसे दगावली. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका हिशेबतपासनीस कंपनीतील २६ वर्षांची मुलगी नोकरीला लागून चारेक महिनेच झालेले असताना मरण पावली. कामाच्या ताणाविषयी तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र आपणापैकी अनेकांनी वाचले असेल.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती व जादा कामाला दुप्पट वेतन सांगितले. परंतु व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय व गोपनीय स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळले आहे. आमच्या एजन्सीत तेवीस वर्षांची मुलगी 'कम्युनिटी मॅनेजर' असते आणि चोविशीतला मुलगा 'अकाउंट मॅनेजर'. त्यांच्या हाताखाली चिटपाखरू नसते. ही पदवी पाहून गप्प बसणाऱ्यांना मी सांगत असते की पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहायचे, हे कामगार कायद्यात न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केलेले आहे. तरीही दावा लावणार कोण, आणि एकट्याने?

उलट मर्यादा वर सरकवण्याची घाई चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने आस्थापनांसाठी ९चे १० तास व कारखान्यांसाठी ९चे १२ तास करण्यास मंजुरी दिली, आणि आस्थापनांचा कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लागू करण्याचे ठरवले. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, असे समाधान दिले जाते. मघाचे आकडे आठवा. कारखान्यांना दहाचा आकडा १९३४चा आणि अकराचा १९२२चा होता. बाराचा त्याहूनही मागचा. येथे आपल्या कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रासाठी १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव आला होता. त्याला या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटनेने रस्त्यावर उतरून विरोध केला, हे आपण मला सांगायला हवे, मी आपल्याला नव्हे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाबाहेरच्या वेळेत संपर्काला बांधील नसण्याचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियात तो २६ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आस्थापनांना आणि वर्षभराने लहानांना लागू झाला. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस ही तेथील कंपन्यांची प्रथा बेकायदा ठरवली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी या हक्काचे खासगी विधेयक २०१८ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत संमत होऊन कायदा झालेला नाही, तेव्हा त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आम्ही काय केले ते सांगते, ते फार मोठे नाही. आमच्या विभागात नऊ जण होतो. आम्ही मिळून एक कागद लिहिला. रात्री आठनंतर कोणाच्याही खासगी फोनवर काम येऊ नये. तातडीच्या कामासाठी कचेरीचा एकच फोन असावा आणि तो आळीपाळीने एकाने सांभाळावा. ज्याची पाळी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी व वेगळा मोबदला मिळावा. व्यवस्थापनाने पहिल्या भेटीत आम्हांला 'आपण एक कुटुंब आहोत' असे सांगितले. मी म्हटले, कुटुंब घरी आहे, त्याच्याचसाठी आलो आहोत. तीन महिन्यांनी फोन आणि पाळी मान्य झाली, सुट्टी मान्य झाली, मोबदला झाला नाही. पुढील वर्षी आमच्यातील दोघांचे करार पुन्हा झाले नाहीत. कारण कामाचे दिले गेले, खरे काय ते आम्ही जाणतो. एकही ग्राहक मात्र या नियमापायी सोडून गेला नाही. पिवळा रंग सकाळी गडद केला तरी चालतो, हे त्यांनाही कळले. फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपावे, सूचनांचे आवाज बंद ठेवावेत, हे घरगुती उपाय मीही करते. पण एकट्याने फोन बंद केला तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'तत्परता कमी' असा शेरा बसतो. नऊ जणांनी एकदम केला तर तो नियम होतो.

शेवटी आपल्या घरचीच एक गोष्ट. काल रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मला आपल्या शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला: आजच्या सभेच्या सतरंज्यांचे काय? सचिव समोर बसले आहेत, त्यांनी रागावू नये. त्यानंतर साडेबारापर्यंत बावीस जणांनी त्यावर लिहिले, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी कोणीतरी दिवा मालवण्याची वाट पाहत असणार. आठनंतर निरोप नाही, हा नियम मालकाला सांगण्यापूर्वी आपल्या गटाला लावण्याचा ठराव मी येथे मांडते. सूचक मी, अनुमोदक हवा आहे. त्यावर चर्चा व्हावी आणि इतरही प्रश्न विचारावेत. मला रात्रीची गाडी गाठायची आहे, त्यामुळे आपल्याकडे अर्धा तास आहे.