परदेशी निंदकास देशबंदी असावी काय ?

(सोलापूर येथें शेतकरी, विणकर व इतर कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मला एक सरळ प्रश्न घालण्यांत आला आहे. एखाद्या परदेशी माणसानें आपल्या राष्ट्रपुरुषाचा अपमान केला, तर त्याला या देशांत पाऊल ठेवूं द्यावें कीं नाहीं ? प्रश्न ऐकतांच बहुतेकांच्या तोंडून उत्तर निघतें, "मुळींच नाहीं !" मीहि शेतकऱ्याचाच मुलगा आहें. छत्रपतींचें नांव ऐकलें कीं माझीहि मान आपोआप लवते. परंतु रागाच्या भरांत दिलेलें उत्तर निराळें आणि तोलून दिलेलें उत्तर निराळें. ज्वारीचें पोतें अडत्याकडे नेलें म्हणजे आपण आधीं त्याचा कांटा पाहतों. मग सरकारच्या हातीं नवा अधिकार देतांना कांटा कां पाहूं नये?

उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच घेऊं. जेम्स लेन नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकानें शिवाजी महाराजांवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक २००३ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें छापलें. त्यांत महाराजांच्या जन्माविषयीं, म्हणजे पर्यायानें जिजाऊ माउलीविषयीं, एक हलकें वाक्य होतें. इकडचे लोक थट्टेनें असें बोलतात, एवढाच त्याचा आधार. कागद नाहीं, पत्र नाहीं, बखरीचा दाखला नाहीं. असलें वाक्य वाचून ज्याला वाईट वाटलें नाहीं, तो मराठी माणूस कसला ? राग आला तो खरा होता आणि त्याला कारणहि होतें.

पण पुढें काय झालें तें पहा. प्रकाशकानें त्याच वर्षीं पुस्तक बाजारांतून परत घेतलें. तरीहि ता. ५ जानेवारी २००४ रोजीं दीडशेच्या वर लोकांनीं पुण्याच्या भांडारकर संस्थेवर चाल केली. कारण लेखकानें तेथें अभ्यास केला होता. १९१७ सालीं स्थापन झालेली ती संस्था. तिचीं कपाटें फुटलीं, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. सरकारनें पुस्तकावर बंदी घातली आणि फौजदारीहि केली. २००७ सालीं सुप्रीम कोर्टानें ती फौजदारी रद्द केली. त्याच वर्षीं मुंबई हायकोर्टानें बंदी उठविली, आणि २०१० सालीं सुप्रीम कोर्टानें हायकोर्टाचा निकाल कायम केला.

आतां या व्यवहाराचा जमाखर्च मांडा. ज्यानें वाक्य लिहिलें तो अमेरिकेंत आपल्या खुर्चीवर सुरक्षित राहिला. जें पुस्तक चार इंग्रजी पंडितांपलीकडे कोणी उघडलें नसतें, त्याचें नांव घरोघर पोंचलें. ज्या पोथ्या फाटल्या त्या आपल्याच देशाच्या होत्या. आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याची पाळी आली ती कोणावर ? बहुजनांच्या पोरांवर ! वाक्य राहिलें तें राहिलेंच. त्याला पुरावा मागून, त्याचें खोटेपण जगासमोर मांडून जें काम झालें असतें, तें दगडानें झालें नाहीं, बंदीनेंहि झालें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "हल्ल्याचें राहूं द्या. पण आमच्या घरांत येऊन आमच्या आईला शिवी देणाऱ्याला आम्ही उंबऱ्यावरच अडवतों. मग देशाच्या उंबऱ्यावर कां अडवूं नये?" हा मुद्दा मला हलका वाटत नाहीं. पण घर आणि देश यांत एक मोठा भेद आहे. घराला कर्ता एक असतो. आई कोण आणि शिवी कोणती, याविषयीं घरांत वाद नसतो. देश म्हणजे अठरापगड जातींचें गांव. तेथें राष्ट्रपुरुष कोण आणि अपमान कोणता, हें ठरविणार कोण ? ज्याच्या हातीं वेशीची किल्ली, तोच ठरविणार. आणि किल्ली आजवर शेतकऱ्याच्या किंवा विणकऱ्याच्या हातीं किती वेळां आली, हें तुम्हींच सांगा.

आपल्या चळवळीनें हें भोगलेलें आहे. १९२५ सालीं दिनकरराव जवळकरांचें "देशाचे दुश्मन" हें पुस्तक केशवराव जेधे यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांत टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. भाषा तिखट होती, हें कबूल केलें पाहिजे. पण लगेच ओरड झाली कीं, हा राष्ट्रपुरुषांचा अपमान आहे ! पुण्याच्या कोर्टांत खटला झाला आणि लिहिणारा, छापणारा, प्रसिद्ध करणारा, सर्वांना शिक्षा ठोठावण्यांत आल्या. १९२६ सालीं अपिलांत बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि त्यांनीं आपल्या माणसांना सोडवून आणलें. म्हणजे "राष्ट्रपुरुषाचा अपमान" हें हत्यार आपण पहिल्यानें पाहिलें, तें आपल्याच मानेवर धरलेलें पाहिलें. आज तेंच हत्यार धार लावून दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचें काय ?

आतां परदेशी माणसाला देशाबाहेर घालविण्याचा दाखला पहा. बेंजामिन हॉर्निमन हा इंग्रज मुंबईच्या "बॉम्बे क्रॉनिकल" पत्राचा संपादक होता. रौलट कायद्यावर आणि सरकारच्या जुलमावर त्यानें लेखणी चालविली. एप्रिल १९१९ मध्यें, जालियनवाला बागेची कत्तल झाली त्याच महिन्यांत, सरकारनें त्याला उचलून विलायतेस धाडलें. पुढें १९२६ पर्यंत त्याला परत येतां आलें नाहीं. त्याचा गुन्हा काय, तर सरकारची अप्रतिष्ठा ! आज मुंबईच्या कोटांतील सर्कलला त्याचें नांव आहे. ज्याला सरकारनें वेशीबाहेर काढलें, त्याचेंच नांव जनतेनें वेशीच्या आंत कोरलें.

सोलापूरकरांना तर हें अधिक समजावून सांगावयास नको. मे १९३० मध्यें या शहरावर लष्करी कायदा आला. त्या प्रकरणांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपले चार वीर १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर गेले. त्याच मे महिन्यांत गुजराथेंत धारासण्याच्या मिठागरावर निःशस्त्र सत्याग्रहींचीं डोकीं लाठ्यांनीं फुटत होतीं. वेब मिलर हा अमेरिकन बातमीदार तेथें उभा राहून तें पाहत होता, आणि त्याच्या तारांनीं तें जगाला सांगितलें. सरकारनें त्या तारा अडविण्याची खटपट केलीच. परका डोळा नेहमीं निंदाच करतो असें नाहीं. घरांतल्यांचीं तोंडें बंद केलेलीं असतात, तेव्हां पुष्कळदां तोच एक साक्षीदार उरतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास इंग्रजींत कोणी लिहिला ? गेल ऑम्व्हेट ही अमेरिकेंत जन्मलेली बाई महाराष्ट्रांत आली, खेड्यापाड्यांतून हिंडली, आणि १९७६ सालीं तिनें या चळवळीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें ती भारताची नागरिक झाली, सांगली जिल्ह्यांत कासेगांवास राहिली आणि २०२१ सालीं तेथेंच वारली. रोझलिंड ओहॅनलन या विलायतेच्या विदुषीनें १९८५ सालीं जोतीरावांवर ग्रंथ लिहिला. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईनें बाबासाहेबांच्या चळवळीवर सारें आयुष्य वेंचलें. या ग्रंथांत कोणा ना कोणा पुढाऱ्यावर टीका आहेच. विमानतळावर पहिलाच प्रश्न असा झाला असता कीं, "बाई, तुम्ही आमच्या अमक्या पुढाऱ्याविषयीं काय लिहिलें आहे ?" तर या तिघींपैकीं किती जणी आंत आल्या असत्या ? आणि जोतीबा सातासमुद्रापलीकडे कसे पोंचले असते ?

आजचा कायदा काय म्हणतो, तेंहि ऐका. १९४६ सालचा इंग्रजी अमदानींतला परदेशी माणसांविषयींचा कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२५ सालीं नवा कायदा आला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून चालू झाला. देशाची सुरक्षितता, सार्वभौमत्व, परराष्ट्रांशीं संबंध, सार्वजनिक आरोग्य अशा कारणांवरून परदेशी माणसाला प्रवेश नाकारतां येतो. त्या यादींत पुढाऱ्याच्या अपमानाचें नांव नाहीं. पण शेवटीं एक शेपूट आहे कीं, केंद्र सरकार ठरवील तें दुसरें कारण. आणि नाक्यावरच्या अंमलदाराचा निर्णय अखेरचा. आधींच १९९१ सालीं एका बेल्जियन पाद्र्याच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें सांगून ठेविलें आहे कीं, परदेशी माणसाला बाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. केरळांतील कोळ्यांचा वर्षानुवर्षें अभ्यास करणाऱ्या विलायतेंतील एका अध्यापकाला २०२२ सालीं विमानतळावरूनच परत पाठविलें. कारण सांगितलें नाहीं. एवढा लांब हात असलेल्या अधिकाराला आपण आणखी लांब करावयाचें काय ?

"परक्याचें काय व्हायचें तें होवो, आमचें काय जातें ?" असें म्हणूं नका. ज्या सोलापुरांतून द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले आणि तेथल्या जखमी शिपायांची सेवा करतां करतां १९४२ सालीं वारले, त्या सोलापुरांतून आजहि शेतकऱ्यांचीं आणि गिरणी-कामगारांचीं मुलें परदेशीं शिकावयास जातात. बापानें रान गहाण टाकून पैसा उभा केलेला असतो. जून २०२५ पासून अमेरिका विद्यार्थ्यांना व्हिसा देण्यापूर्वीं त्यांचें मोबाईलवरचें लिहिणें उघडें करावयास सांगते. तेथील एका राजकीय प्रचारकाचा खून झाल्यावर त्याच्याविषयीं वाईट लिहिलें म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्यें अमेरिकेनें सहा परदेशी माणसांचे व्हिसा रद्द केले. आपण आज जो नियम मागूं, तोच उद्यां दुसऱ्याच्या वेशीवर आपल्या पोराला लागेल. तेव्हां तक्रार करावयास आपल्याला तोंड राहील काय ?

आणि परक्याला अडविलें म्हणजे अपमान थांबेल, हीहि भूल आहे. ज्या थट्टेचा त्या प्राध्यापकानें हवाला दिला, ती त्यानें इथल्याच लोकांच्या नांवावर घातली होती. जोतीरावांची आणि बाबासाहेबांची निंदा कोणी केली ? ते काय जहाजांतून उतरले होते ? घरच्या निंदकाला देशबंदी करतां येत नाहीं. म्हणजे शेताच्या आंत टोळ बसले असतांना आपण बांधावर पहारा मागतों आहों.

मग स्वस्थ बसावें काय ? मुळींच नाहीं. उत्तर द्यावें, आणि असें द्यावें कीं पुन्हां कोणी बिनपुराव्याचें लिहिण्याची हिंमत करणार नाहीं. ग्रँट डफ या स्कॉटिश अंमलदारानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यांतील चुका मराठी माणसांनीं कागदपत्रें धुंडाळून दाखवून दिल्या. डफला कोणी दगड मारला नाहीं. आपल्यांतलेच कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं कष्टानें शिवचरित्र लिहिलें, आणि त्याच्याच आधारें १९२१ सालीं तें इंग्रजींत निघालें. याला म्हणतात उत्तर ! लेनच्या एका वाक्याला खोडून काढणारें, शाळकरी पोराला कळेल असें, चार आण्यांच्या मोलाचें पुस्तक तुमच्या किती घरांत आहे ? फळीवर हात फिरवून पहा.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. परदेशी माणूस दंगा पेटवावयास, खून-मारामारीला चिथवावयास येत असेल, तर त्याला जरूर अडवा. पण त्याच्या कृत्यासाठीं अडवा, वाक्यासाठीं नको. अडविलें तर कारण लेखी द्या आणि त्यावर दाद मागण्याची वाट ठेवा. ज्यानें नुसतें वाईट लिहिलें, त्याला उलट बोलावून घ्या. रायगडाच्या पायथ्याशीं बसवा आणि सांगा, "काढ तुझा पुरावा !" पुरावा नसलेल्या माणसाला त्या प्रश्नाइतकी कठीण शिक्षा दुसरी नाहीं. देशबंदी केली तर तो घरीं बसून सांगत फिरेल कीं, मी खरें बोललों म्हणून मला अडविलें.

शिवछत्रपति एखाद्या वाक्यानें लहान होणारे असते, तर तीनशें वर्षें पोवाड्यांत जिवंत राहिले नसते. सोलापूरची चादर घट्ट असते, ती ताणा आणि बाणा दोन्ही ओढून धरले म्हणून. स्वाभिमान हा आपला ताणा. विद्या हा बाणा. नुसत्या ताण्याचें कापड होत नाहीं. म्हणून, बांधवांनो, वेशीची दारें लावण्याचा ठराव करण्याआधीं आपल्या गांवांतल्या वाचनालयाचें दार उघडण्याचा ठराव करा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.