खर्ड्याच्या रणभूमीवर एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



यंदाच्या सहलीचा वृत्तान्त सांगण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले आहे. सहल कोठे न्यावी यावरून आपल्यात बराच खल झाला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. सिद्धटेक जवळ, देवदर्शनही घडते. मग खर्ड्याला जाऊन पडक्या भिंती काय पाहावयाच्या, असे काहींचे म्हणणे होते. आपल्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी तर रोखठोक विचारले, "लढाईच्या जागेवर बायकांचे काय काम?" प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर आम्हांला खर्ड्यातच मिळाले. तेच आज सांगणार आहे.

शनिवारी काष्टीचा बाजार. त्या दिवशी घरातून पाय निघणे कठीण. म्हणून रविवार ठरला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या कळशा घेऊन पहाटेच गाडी निघाली. श्रीगोंदे मागे पडले, जामखेड आले, आणि पुढे बालाघाटाचे डोंगर दिसू लागले. रान उघडे, ऊन कडक. कळशा निम्म्या झाल्या तेव्हा खर्डा आला.

गावाजवळ निंबाळकरांचा भुईकोट आहे. त्याला शिवपट्टणचा किल्ला म्हणतात. घडीव दगडाची तटबंदी, दणकट दरवाजा, आत विहीर. किल्ल्यापाशी २०२१ साली उभारलेला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज लांबूनच दिसतो. आमच्यातील मुली तटावर भराभर चढल्या. आम्ही गुडघ्यांना विचारून चढलो.

येथली लढाई ११ मार्च १७९५ची. निजामअलीकडे चौथाईची मोठी बाकी थकली होती. मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे यांनी ती मागितली, तेव्हा निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने उर्मट उत्तरे दिली. बोलणे तुटले. सवाई माधवराव पेशवे तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. नाना फडणीस, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, सारे एका निशाणाखाली आले. दोन्हीकडची मिळून दोन लाखांवर माणसे या मुलखात उतरली. निजामाची फौज मोहरीचा घाट उतरून आली. भगिनींनो, दोन लाख माणसे, शिवाय घोडे, बैल, हत्ती! आपल्या घरी चार पाहुणे आले तर पाण्याचे पिंप पुरत नाही. एवढ्यांना या कोरड्या रानात पाणी कोठून पुरणार?

आणि पाण्यानेच घात केला. दिवसभराच्या लढाईनंतर रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांसाठी पाणी शोधीत एका ओढ्यावर गेली. तेथे निजामाची माणसे होती. त्यांनी गोळी झाडली. आवाज ऐकून फ्रेंच सरदार रेमंडच्या कवायती पलटणी झोपेतून दचकून उठल्या आणि अंधारात बार काढू लागल्या. छावणीत एकच गोंधळ उडाला. निजामअली या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. मराठ्यांनी वेढा घातला. आत पाण्याचे नि दाणावैरणीचे हाल झाले. शेवटी तह झाला: तीन कोटी रुपये, दौलताबादेसह मोठा मुलूख, आणि तो उर्मट दिवाण स्वतः ओलीस!

आता त्या प्रश्नाकडे येते. निजामाबरोबर त्याचा जनाना होता. बक्षी बेगम घाबरली, तिने हट्ट धरला, म्हणून निजाम मागे फिरला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे. बेगम घाबरली असेल. तोफा कानाशी वाजत असता कोण घाबरत नाही? पण निजामअली साठी ओलांडलेला, तीस वर्षांवर राज्य केलेला पुरुष होता. माघारीचा हुकूम त्याचा. रात्री अंधारात बार काढले ते बंदूकधारी शिपायांनी. तरी हरल्याचे खापर बाईच्या माथी! घरात दूध नासले तरी सुनेचे नाव पुढे येते, तसलाच हा न्याय.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक आहे. निजामाच्या पदरी बायकांच्या दोन पलटणी होत्या, एकेकीत हजार बायका. जफर पलटण असे त्यांचे नाव. एरवी त्या जनान्याचा पहारा करीत. खर्ड्याच्या लढाईतही त्या हजर होत्या. एकीची नायकीण मामा बरन, दुसरीची मामा चंपा. हे मामा म्हणजे आपल्याकडचे आईचे भाऊ नव्हेत बरे; तिकडे जनान्यातील जाणत्या बाईला मामा म्हणत. पुढे हैदराबादेत रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल नावाच्या इंग्रजाने लिहून ठेविले आहे, की या बायका निदान बाकीच्या फौजेपेक्षा तरी वाईट वागल्या नाहीत. हातचे राखून केलेली स्तुती खरी, पण परक्या साहेबाकडून तीही पुष्कळ!

तटावर बसून हे वाचून दाखविले, तेव्हा सर्वजणी गप्प झाल्या. मग त्याच वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे बायका होत्या की गं इथं!" मला वाटते, आमची सहल त्या एका वाक्याने सार्थकी लागली.

विजयाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. गादीसाठी भांडणे लागली, दिवाण सुटला, मिळविलेले बरेचसे परत गेले. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०२ साली वसईस दुसऱ्या बाजीरावानेही पत्करली. १८०३च्या ऑगस्टात नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. खर्ड्याला सारे सरदार एकत्र आले होते, ते अखेरचे. एका दिवसापुरते एकत्र येणे सोपे. नंतर एकत्र राहणे अवघड. आपल्या मंडळाला हे निराळे समजावून सांगावयास नको. हळदीकुंकवाला शंभर जणी येतात, हिशेबाच्या सभेला सात!

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पुढच्या सहलीला आपल्याच तालुक्यातले पेडगाव ठरवावे. तेथल्या बहादूरगडावर १६८९ साली संभाजीमहाराजांना कैद करून आणिले होते. उशाशी असून आपल्यातील कितीजणींनी तो पाहिला आहे? आणि दुसरे, जाण्याआधी आठवडाभर रोज अर्धा तास जमून त्या जागेची माहिती मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्यांना अक्षर लागत नाही त्यांनाही कळेल. जागा पाहताना तेथे लढले कोण हे विचाराच. पण पाणी कोणी भरले, दोष कोणावर आला आणि कोणाचे नाव लिहायचे राहिले, हेही विचारा.