रुग्णवाहिका येण्यापूर्वी



४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. ७ भगिनी बुडाल्या, तिघांचे प्राण वाचले.

असा प्रसंग कोणत्याही गावावर ओढवू शकतो. बाहेर काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर कळवावे. श्वास थांबला असल्यास डोके मागे झुकवून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडू नये. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० असावी.

हे ऐकून येत नाही, सरावानेच हाती बसते. गावोगावी तरुणांनी आणि मातृशक्तीने तो सराव आजच आरंभावा, ही विनंती.