पोटगी ही भीक नव्हे, लेकराचा हक्क आहे



"वकिलाला पैसे कुठून आणू?" या एका प्रश्नापायी आपल्या कित्येक भगिनी पोटगीचा अर्जच करीत नाहीत. आम्ही त्यांना सांगतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा.

पोटगीचे जुने कलम १२५ जाऊन १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणून गप्प बसून घालविलेला प्रत्येक महिना लेकराच्या ताटातून जातो.

ताब्याबाबत, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच राहते. न्यायालय मुलाचे हित आधी पाहते.

विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या ताईला अर्ज तुम्ही लिहून द्या. पोच मात्र तिच्याच हाती ठेवा.